सिंदफणा खोऱ्याचा पाऊस आणि विहिरींची पातळी : थिसन, आयडीडब्ल्यू, क्रिगिंग की मशीन लर्निंग?

सिंदफणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या सिंदफणा खोऱ्याचा (पाटोद्यापासून माजलगावपर्यंत) पाणलोटनिहाय पाण्याचा ताळेबंद करायचा आहे. हाताशी असलेली माहिती अशी :

१. तीसेक महसूल मंडळांचा रोजचा पाऊस, दहा वर्षांचा.
२. सव्वाशेच्या आसपास विहिरींची पाणीपातळी, मे आणि ऑक्टोबरची. काही नोंदी मीटरमध्ये, काही फुटांत, थोड्या गावकऱ्यांनी परसात (माणसाच्या उंचीच्या मापात) सांगितलेल्या. यात आड-विहिरीही आहेत आणि बोअरही.
३. उंचीसाठी एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेला) ३० मीटरचा डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, आणि जुन्या टोपोशीट्सचे (सर्वेक्षणाच्या छापील नकाशांचे) स्कॅन.

जुन्या अहवालांत सगळीकडे थिसन बहुभुज दिसतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आयडीडब्ल्यू (अंतरानुसार वजन देणारी पद्धत) एका क्लिकवर होते. नव्या लेखांत क्रिगिंग आणि रँडम फॉरेस्ट (मशीन लर्निंगची एक पद्धत) असते. प्रश्न असे : या पद्धती एकीमागून एक का आल्या, आणि माझ्या माहितीला यातली कोणती पेलते? उपग्रहाचा पाऊस वापरून मंडळांच्या नोंदी टाळता येतील का?

---

उतारनकाशा

ताई, पद्धतींचा क्रम समजला तर निवड बरीचशी आपोआप होते, म्हणून आधी तेच लिहितो.

थिसनची पद्धत १९११ची. अमेरिकेतल्या हवामान खात्याच्या माणसाने ती एका नेमक्या कामासाठी मांडली होती : खोऱ्यावर सरासरी किती पाऊस पडला हे काढणे. प्रत्येक ठिकाणाला सर्वांत जवळच्या मापकाचा आकडा द्यायचा, आणि ज्या मापकाच्या वाट्याला जितके क्षेत्र येते तितके त्याला वजन. समजा तीन मापकांच्या वाट्याला खोऱ्याचा ५०, ३० आणि २० टक्के भाग येतो आणि पाऊस ४०, ७२, ५५ मिमी आहे. थिसन सरासरी = २० + २१.६ + ११ = ५२.६ मिमी. साधी सरासरी ५५.७ येते. हे गणित ट्रेसिंग पेपर आणि प्लॅनिमीटरवर होत असे, आणि खोऱ्याच्या हंगामी सरासरीसाठी आजही ते पुरेसे चांगले आहे. त्याला जुनाट म्हणून बाजूला टाकू नका. थिसनच्या नकाशाकडे पाहून "या गावात इतका पाऊस पडला" असे म्हणायला लागलो की मात्र ते चुकते, कारण बहुभुजाच्या कडेवर पाऊस एका पावलात ४० वरून ७२ वर उडी मारतो.

आयडीडब्ल्यू १९६८ची. हार्वर्डमध्ये पदवीचे शिक्षण घेणाऱ्या डोनाल्ड शेपर्डने ती मांडली. जवळच्या बिंदूला जास्त वजन, लांबच्याला कमी, आणि वजन अंतराच्या घाताने उतरते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये घात २ असतो. उडी गेली, पण दोन दोष आले. एक, प्रत्येक मापकाभोवती गोल गोल वर्तुळे उमटतात. ती पावसाची नसतात, सूत्राची असतात. दोन, नकाशातला कोणताही आकडा मोजलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर किंवा सर्वांत लहानाच्या खाली जाऊच शकत नाही. पाटोद्याच्या डोंगरावर दोन मापकांच्या मध्ये जास्त पाऊस पडला असला तरी आयडीडब्ल्यू तो कधीच दाखवणार नाही. शिवाय घात २ का, १.५ का नाही, याला माहितीतून आलेले कारण नसते.

क्रिगिंगने नेमका हाच प्रश्न धरला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग यांनी १९५१मध्ये नमुन्यांवरून खनिजाचा अंदाज सुधारायचे काम केले, आणि फ्रान्समधल्या जॉर्ज माथेराँ यांनी साठच्या दशकात त्याला गणिती पाया दिला. अंतर वाढते तसा दोन ठिकाणांमधला फरक किती वाढतो, हे आधी माहितीतूनच मोजायचे (व्हेरिओग्राम), आणि वजने त्यावरून काढायची. सोबत प्रत्येक ठिकाणी अंदाज किती डळमळीत आहे याचाही नकाशा मिळतो. त्या नकाशाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : व्हेरिओग्राम एकदा ठरला की क्रिगिंगचा व्हेरिअन्स फक्त मापकांच्या मांडणीवर अवलंबून असतो, तिथे प्रत्यक्ष किती पाऊस पडला यावर नाही. मापक विरळ कुठे आहेत हे तो सांगतो. पाऊस कुठे लहरी होता हे सांगत नाही.

"सगळ्याच गोष्टी एकमेकांशी संबंधित असतात, पण जवळच्या जास्त" हे वाल्डो टॉबलर यांचे १९७०चे सूत्र या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी आहे. त्यातले "जवळ" म्हणजे किती किलोमीटर, याचे उत्तर थिसन देत नाही, आयडीडब्ल्यू गृहीत धरते आणि क्रिगिंग मोजते. म्हणून क्रिगिंगला बिंदू जास्त लागतात.

आता तुमच्या पावसासाठी पायऱ्या.

आधी नकाशाचे सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत आणा (सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ३२६४३). अक्षांश-रेखांशात व्हेरिओग्राम काढला तर अंतर अंशांत मोजले जाते, आणि आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा पाच-सहा टक्के लहान आहे. अख्ख्या मराठवाड्यावर काम करणाऱ्यांनीही हाच झोन ठेवावा. ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे फक्त किनवटकडचा थोडा भाग जातो. त्याच्यासाठी झोन ४४ वापरून काम तोडू नका.

मापक फक्त खोऱ्याच्या आतले घेऊ नका. जामखेड, पाथर्डी, आष्टी, गेवराई, केज बाजूची लगतची मंडळेही घ्या. कडेवर पद्धत कोणतीही असो, एका बाजूला बिंदूच नसेल तर अंदाज वाकडा होतो.

तीस बिंदूंच्या जोड्या ४३५ होतात. खोऱ्याची लांबी शंभर किमीच्या आसपास धरली तर व्हेरिओग्राम ५० किमीच्या पुढे पाहू नका, आणि लॅग (जोड्यांचे गट पाडायचा अंतराचा टप्पा) ८ ते १० किमीचा ठेवा. एका लॅगमध्ये ३० पेक्षा कमी जोड्या असतील तर त्या ठिपक्यावर भरवसा नको. एका हंगामाच्या तीस बिंदूंवरून निघालेला व्हेरिओग्राम कच्चाच असतो. तुमच्याकडे दहा वर्षे आहेत, हीच तुमची ताकद. प्रत्येक वर्षाचे हंगामी आकडे त्या वर्षाच्या सरासरीने व प्रमाण विचलनाने सारखे करा, जोड्या वर्षाच्या आतच बनवा, आणि दहाही वर्षांच्या जोड्यांचा मिळून एक व्हेरिओग्राम बसवा. आर या संगणकभाषेतल्या जीस्टॅट पॅकेजमध्ये हे सरळ होते. मग तोच आकार प्रत्येक वर्षाला, त्या त्या वर्षाच्या विचलनाने गुणून.

शेवटी एकेक मापक बाजूला ठेवून त्याचा अंदाज काढा आणि आरएमएसई (अंदाजातली सरासरी चूक) तिन्ही पद्धतींसाठी मांडा. क्रिगिंग आणि आयडीडब्ल्यूत फरक दोन-चार टक्क्यांचाच निघाला तर साधी पद्धत वापरा आणि तसे अहवालात लिहा.

---

बेसाल्ट_विहीर

पावसाचे वर आले आहे. विहिरींचे वेगळे लिहिते, कारण तिथे इंटरपोलेशनच्या (मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचा अंदाज काढण्याच्या) आधीच बहुतेक काम बिघडते.

आड-विहीर आणि बोअर एका थरात घालू नका. आपल्या दख्खन ट्रॅपमध्ये (बेसाल्टच्या काळ्या खडकात) वरचा कुजलेला, मुरुमाचा थर आणि खालच्या भेगा हे वेगळे जलधर (पाणी धरणारे थर) असतात. चाळीस फुटांच्या विहिरीत मे महिन्यात हातभर पाणी आणि शेजारच्या तीनशे फुटांच्या बोअरमध्ये पाणी दीडशे फुटांवर, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते. ते एकत्र केले की व्हेरिओग्रामचा नगेट (अगदी जवळच्या बिंदूंतही उरणारा फरक) भलामोठा होतो आणि नकाशा सपाट. आधी विहिरी घ्या. बोअरचा वेगळा थर करा, तोही खोली माहीत असलेल्या बोअरचाच.

मोजमाप कशापासून केले ते प्रत्येक नोंदीला लिहा. कठड्यापासून मोजले असेल तर कठड्याची जमिनीवरची उंची वजा करायची. ती पाऊण ते सव्वा मीटर सहज असते, आणि दुष्काळी वर्षात पातळीची अख्खी वाढच दीड-दोन मीटर असते. परसात सांगितलेली नोंद इंटरपोलेशनला घेऊ नका. परस माणसागणिक बदलतो, आणि गावकरी बहुधा विहिरीची खोली सांगतात, पाण्याची नव्हे. त्या विहिरींना टेप लावून पुन्हा मोजा. कोरड्या विहिरीच्या नोंदीत तळाची खोली लिहिलेली असेल, तर खरी पातळी त्याहून खाली आहे एवढेच कळते. तो आकडा पातळी म्हणून घेतला तर दुष्काळ नकाशावर सौम्य दिसतो. अशा विहिरींना वेगळी खूण करा.

उपसा चालू असताना मोजलेली पातळी म्हणजे मोटारीची पातळी. सकाळी, रात्रभर मोटार बंद असताना मोजलेलीच ठेवा.

आता मुख्य मुद्दा. भूजलाचा उतार आणि वाहण्याची दिशा हवी असेल तर जमिनीखालची खोली चालत नाही, समुद्रसपाटीपासूनची पातळी लागते : जमिनीची उंची वजा पाण्याची खोली. उंची एसआरटीएममधून घेणार असाल तर थांबा. त्या डीईएमचा उद्दिष्ट अचूकपणा उभ्या दिशेने १६ मीटरच्या आत असा होता. सपाट भागात प्रत्यक्ष चूक कमी असते, तरी काही मीटरची असतेच. युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम बरा आहे, पण विहिरीचे तोंड डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) मोजणे हाच खरा उपाय.

ताळेबंदाला मात्र ही अडचण येत नाही. मे आणि ऑक्टोबरमधला फरक घेतला की जमिनीची उंची दोन्हीकडून वजा होते. म्हणून आधी प्रत्येक विहिरीचा फरक काढा आणि त्या फरकाचे इंटरपोलेशन करा. दोन पृष्ठभाग वेगवेगळे बनवून मग वजा करू नका. विशेषतः मे आणि ऑक्टोबरच्या विहिरींची यादी थोडी जरी वेगळी असेल तर त्या वजाबाकीत विहिरी बदलल्याचा परिणाम भूजल वाढल्यासारखा दिसतो.

पुढचे गणित : क्षेत्र × पातळीतली वाढ × विशिष्ट उत्पन्न (खडकाच्या आकारमानापैकी निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा). कुजलेल्या, सांधे असलेल्या बेसाल्टसाठी विशिष्ट उत्पन्न २ टक्के धरतात, पट्टा १ ते ३ टक्के. एक चौरस किमीवर ४ मीटर वाढ म्हणजे ८०,००० घनमीटर, ८० टीसीएम (हजार घनमीटर). १ टक्का धरला तर ४०, ३ टक्के धरला तर १२०. पद्धत बदलल्याने तुमच्या उत्तरात जितका फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक या एका आकड्याने पडतो. वेळ कमी असेल तर क्रिगिंग घोटत बसण्यापेक्षा खोऱ्यात चार-सहा ठिकाणी पंपिंग टेस्ट करून घ्या.

---

सजा_ते_मंडळ

माहिती साफ करण्याबद्दल, कारण वरच्या दोघांनी ती स्वच्छ आहे असे धरले आहे.

पावसाच्या फाइलमध्ये रिकामी जागा आणि शून्य यांत फरक करा. नोंद आली नाही त्या दिवशी ० भरलेले असते आणि हंगामी बेरीज गुपचूप कमी होते. स्वयंचलित मापकात पालापाचोळा, धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले की बादली उलटत नाही. आजूबाजूला ३०-४० मिमी आणि मधे सलग आठ दिवस ० किंवा १ मिमी, असे दिसले की समजायचे. डबल मास आलेख काढा : एका बाजूला त्या मापकाची साठत जाणारी बेरीज, दुसऱ्या बाजूला शेजारच्या पाच-सहांच्या सरासरीची. रेष मधेच वाकली तर मापकाची जागा बदलली किंवा तो बिघडला.

मापकाचे खरे अक्षांश-रेखांश घ्या. पुष्कळ फाइलींत मंडळाच्या गावाचा मध्यबिंदू असतो आणि मापक दोन-तीन किमी दूर असतो.

गावांची जोडणी नावाने करू नका. पिंपळगाव, वडगाव, खंडाळा ही नावे एकेका तालुक्यात दोन-तीनदा येतात, आणि रोमन लिपीतले लेखन प्रत्येक खात्याचे निराळे. २०११च्या जनगणनेचा सहा आकडी गावकोड हाच धागा धरा. जिल्हानिहाय जुनी आकडेवारी जोडणाऱ्यांनी हद्दी तपासाव्यात : जालना १९८१मध्ये, लातूर १९८२मध्ये आणि हिंगोली १९९९मध्ये वेगळे झाले. त्याआधीचा "परभणी" आणि आजचा परभणी हे एकच क्षेत्र नाही.

टोपोशीटबद्दल : जुन्या पत्रकांचा डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) एव्हरेस्टचा आहे. जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ समजून जिओरेफरन्स केले (स्कॅन नकाशावर बसवले) तर आपल्या भागात सगळे शंभर-दीडशे मीटर सरकते. नाला शेताच्या पलीकडच्या बांधावर गेलेला दिसतो. चार कोपऱ्यांचे आकडे एव्हरेस्टमध्येच भरा, मग रूपांतर करा, आणि जुने पूल किंवा रस्त्यांचे छेद घेऊन ताळा पाहा.

आणखी एक, ज्याच्यावर आपल्याकडे माणसांचे पैसे अवलंबून असतात. अतिवृष्टी ठरवताना मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला का ते पाहतात, म्हणजे एका मापकाचा आकडा पूर्ण मंडळाचा. हद्द प्रशासनाची आहे, ढगाची नाही. मंडळाच्या कडेच्या गावाला शेजारच्या मंडळाचा मापक जास्त जवळचा असू शकतो. हद्दी बदलल्या की निष्कर्षही बदलतात, हे गेल्के आणि बील यांनी १९३४मध्येच आकड्यांनी दाखवले होते. ओपनशॉ यांनी १९८४मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. म्हणून तालुका सरासरीवरून गावाबद्दल बोलू नका, आणि कोणताही नकाशा मंडळ आणि पाणलोट अशा दोन्ही विभागणीत काढून उत्तर टिकते का ते पाहा.

अशा ६५च्या प्रश्नाला पावसाचा गुळगुळीत नकाशा चुकीचे उत्तर देतो, कारण इंटरपोलेशन टोके कापते. तिथे इंडिकेटर क्रिगिंग वापरा : ६५च्या वर असेल तर १, नसेल तर ०, आणि मग प्रत्येक गावाला "६५ ओलांडल्याची शक्यता" मिळते.

---

सिंदफणाकाठ

मनापासून आभार. फरक आधी, इंटरपोलेशन नंतर, हे लगेच करते आहे. एका वर्षाच्या हंगामी पावसाचा व्हेरिओग्राम काढला तर तो पहिल्या लॅगपासूनच आडवा येतो आहे, रेंज (ज्या अंतरापुढे फरक वाढायचा थांबतो ते) दिसतच नाही. याचा अर्थ क्रिगिंग सोडून द्यायचे का? आणि उपग्रह व रँडम फॉरेस्टचे राहिले.

---

उतारनकाशा

आडवा व्हेरिओग्राम म्हणजे शुद्ध नगेट. त्यावर क्रिगिंग केले तर मापकांच्या जागा सोडून सगळीकडे सरासरीच मिळेल, आणि अशा वेळी सरासरी हेच प्रामाणिक उत्तर असते. पण ते मान्य करण्याआधी या क्रमाने तपासा. अंतर मीटरमध्येच आहे ना (लॅग ०.१ किंवा ०.२ असे आकडे दिसले तर अंशांत आहे). दोन-तीन मापकांत शून्याने भरलेले महिने आहेत का. असा एक मापकसुद्धा पहिला ठिपका वर ढकलतो. व्हेरिओग्रामचा ढग (प्रत्येक जोडीचा वेगळा ठिपका दाखवणारा आलेख) उघडा आणि सर्वांत वरच्या जोड्यांत एकच मापक पुन्हा पुन्हा येतो का पाहा. आला तर सजा_ते_मंडळ यांनी सांगितलेला डबल मास आलेख त्याला लावा. मग दहा वर्षांचा एकत्र व्हेरिओग्राम. हंगामी पावसाला तिथे रेंज दिसायला हवी.

रोजच्या पावसाचे गणित वेगळे आहे. मेमधल्या वळवाचा किंवा परतीच्या पावसाचा एक ढग पाच-दहा किमीचा असतो आणि तुमचे मापक साधारण तितक्याच अंतरावर. त्या दिवसाची रेंज तुमच्या जाळ्यात सापडणारच नाही. ताळेबंद महिन्यांचा किंवा हंगामाचा करा.

उंची जोडून क्रिगिंग (बाह्य कलासह) करावे असे वाटेल, पण आधी साधा आलेख काढा. सह्याद्रीत चढाबरोबर पाऊस वाढतो. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे, आष्टी-पाटोद्याकडून नांदेड-किनवटकडे वाढतो, आणि बालाघाटाची उंची असूनही आष्टी-पाटोदा पर्जन्यछायेत येतात. कल म्हणून उंचीपेक्षा पूर्व-पश्चिम निर्देशांक जास्त उपयोगी पडण्याची शक्यता आहे.

उपग्रह : हवामान खात्याचा जाळीतला पाऊस (हा उपग्रहाचा नव्हे, मापकांवरूनच काढलेला) ०.२५ अंशाचा, म्हणजे २७-२८ किमीची चौकट, १९०१पासून. चर्प्स (उपग्रह आणि मापक मिळून काढलेला पाऊस) ०.०५ अंशाचा, १९८१पासून. दोन्ही दीर्घ सरासरीसाठी आणि मापकांची तपासणी करायला उत्तम; मंडळांची जागा ते घेऊ शकत नाहीत, कारण त्यांच्याही पोटात जमिनीवरचे मापकच आहेत. रोजच्या तुलनेत एक फसगत हमखास होते. आपल्या नोंदीतली तारीख म्हणजे त्या दिवशी सकाळी ८.३०ला संपलेले २४ तास. उपग्रहाच्या रोजच्या फाइलचा दिवस जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे ५.३०ला सुरू होतो. त्यामुळे आपल्या १५ तारखेच्या पावसाची जोडी उपग्रहाच्या १४ तारखेशी लागते. तारखा जशाच्या तशा जोडल्या तर सहसंबंध कोसळतो आणि दोष उपग्रहावर जातो.

गुरुत्वाकर्षण मोजून भूजल सांगणारे ग्रेस उपग्रह (२००२पासून) या कामाला नाहीत. त्यांना नीट दिसणारा तुकडा सुमारे ३०० किमी बाजूचा. आपला अख्खा मराठवाडा ६४ हजार ८०० चौरस किमी, म्हणजे त्याहूनही लहान.

रँडम फॉरेस्ट तीस मापकांवर करू नका. सव्वाशे विहिरींवर, उतार, नाल्यापासूनचे अंतर, माती, उन्हाळी पिकाखालचे क्षेत्र (सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रांवरून) असे थर जोडून करता येईल. अक्षांश-रेखांश हेच चल म्हणून घातले तर नकाशावर सरळ आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात. आणि चाचणीसाठी विहिरी यदृच्छेने निवडू नका. शेजारची विहीर शिकवणीत आणि ही चाचणीत, असे झाले की अचूकता फुगते. १० × १० किमीच्या चौकटी आखा आणि अख्खी चौकट बाजूला ठेवून चाचणी घ्या. तिथे आरएमएसई साध्या क्रिगिंगपेक्षा स्पष्टपणे कमी आली, तरच ती पद्धत ठेवा.

---

बेसाल्ट_विहीर

वरच्या थरांच्या यादीत एक भर : बंधारे आणि पाझर तलाव. त्यांच्या खालच्या अंगाला दोन-तीनशे मीटरच्या आतल्या विहिरींत ऑक्टोबरची पातळी वेगळीच चढलेली असते. अशा विहिरी त्या पट्ट्यापुरत्याच वापरा. सव्वाशेपैकी पंधरा-वीस जरी अशा असल्या तरी इंटरपोलेशन त्यांची वाढ चार-पाच किमी दूरच्या कोरड्या माळावर पसरवते, आणि ताळेबंदात नसलेले पाणी दिसू लागते. माजलगाव धरणाच्या कालव्याखालच्या गावांनाही हेच लागू. तिथली वाढ पावसाची किती आणि कालव्याच्या पाझराची किती, हे वेगळे काढायचे तर पाणी सोडल्याच्या तारखा पाटबंधारे शाखेतून मागून घ्या आणि त्या गावांचा फरक स्वतंत्र रकान्यात मांडा.